गिधाडे कोठे गेली? : एका शोधाचा इतिहास

उत्तर कोकणातील आमच्या गावी माझ्या लहानपणी जवळजवळ प्रत्येक घरी गुरे होती. गोठ्यातला म्हातारा बैल किंवा आजारी म्हैस दगावली की शेजारपाजारची चार-सहा माणसे जमत, जनावर बैलगाडीत घालून गावाबाहेरच्या माळावर नेऊन ठेवीत आणि हातपाय धुऊन घरी परतत. पुढचे काम माणसाचे नव्हते. प्रथम आकाशात एखादा काळा ठिपका दिसे, मग दुसरा, मग तिसरा. आणि घटकाभरात माळावर पाचपन्नास गिधाडांची झुंबड उडे. आम्ही मुले शाळेच्या वाटेवर नाकाला रुमाल लावून ते दृश्य पाहत उभे राहत असू. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जाताना माळावर केवळ पांढरा सांगाडा शिल्लक असे. दुर्गंधी नाही, घोंघावणाऱ्या माश्या नाहीत. घरच्या म्हाताऱ्या बायकांना हा पक्षी मुळीच आवडत नसे. तो घराच्या कौलांवर बसला तर त्या हाताला येईल ते फेकून त्याला हाकलीत.

पुढे मी सेमिनरीत गेलो. गुरुदीक्षेनंतर नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात सुट्टीवर घरी आलो असता शेजाऱ्यांची म्हैस मेली. ती त्याच माळावर नेऊन ठेवण्यात आली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर दुर्गंधी गावात आली. माळावर कुत्रीच कुत्री होती. अखेर खड्डा खणून ते प्रेत पुरावे लागले. त्या संध्याकाळी ओटीवर बसलेल्या माणसांना मी विचारले, "गिधाडे कधीपासून येत नाहीत?" कोणी म्हणाले दोन वर्षे झाली, कोणी म्हणाले पाच, कोणी म्हणाले त्यांनी आता जागा बदलली असेल. नक्की कोणालाच सांगता येईना. ज्या पक्ष्याला आम्ही सर्वांनी जन्मभर पाहिले होते, त्याला कोणी कधी मोजलेच नव्हते.

सुदैवाने दूर राजस्थानात काही माणसांनी तो मोजून ठेवला होता. या लेखात मला त्या मोजणीची आणि तिच्यातून उलगडलेल्या एका मोठ्या अनर्थाची हकिकत सांगायची आहे.

भारतात गिधाडांच्या अनेक जाती आढळतात. त्यांतील तीन या हकिकतीत महत्त्वाच्या आहेत : पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि उत्तरेकडचे निमुळत्या चोचीचे गिधाड. या तिन्ही जाती केवळ मेलेल्या जनावरांच्या मांसावर जगतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड ऐंशीच्या दशकापर्यंत इतके विपुल होते, की मोठ्या आकाराच्या शिकारी पक्ष्यांत जगात बहुधा याचीच संख्या सर्वाधिक असावी, असे मत त्या काळी एका अभ्यासकाने नोंदविले होते. गालुशिन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने साठीच्या दशकाच्या अखेरीस दिल्ली शहरातील शिकारी पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा त्या राजधानीच्या शहरात या गिधाडांची सुमारे ४०० जोडपी घरटी करून राहत होती. त्या काळच्या विमानतळांना गिधाडांची चिंता होती ती ती विमानांवर आदळतात म्हणून. ती संपतील अशी शंका कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती.

येथे थोडे विषयांतर करतो. सेमिनरीत जुन्या कराराचा अभ्यास करीत असता आमच्या प्राध्यापकांनी एकदा 'नेशेर' हा हिब्रू शब्द फळ्यावर लिहिला. आपल्या मराठी बायबलात या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी 'गरुड' हा शब्द येतो. परंतु मीखा संदेष्ट्याने या पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख केला आहे, आणि गरुडाला टक्कल नसते. पवित्र भूमीच्या आकाशात उंच घिरट्या घालणारा, डोके-मान बोडकी असलेला पक्षी म्हणजे गिधाड. म्हणून 'नेशेर' म्हणजे बहुधा गिधाडच, असे अनेक पंडितांचे मत आहे. आमच्या वर्गात तेव्हा हशा पिकला होता. ज्या पंखांवर देवाने आपल्या लोकांना वाहून आणले ते पंख गिधाडाचे असावेत, ही कल्पना आम्हा तरुणांना पचली नाही. असो.

आता भरतपूरकडे वळू. तेथील केवलादेव अभयारण्य म्हणजे पूर्वीच्या संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे तळे. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अलींच्या प्रेरणेने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे या पाणथळीचा सखोल अभ्यास केला. गिधाडे हा त्या अभ्यासाचा मुख्य विषय नव्हता. पाण्याची पातळी, गवत, मासे, बदके, चराई, शिकारी पक्षी अशा सर्वच गोष्टींची वर्षानुवर्षे नोंद करावयाची आणि हे सर्व एकमेकांशी कसे गुंतलेले आहे ते पाहावयाचे, असा तो उपक्रम होता.

या अभ्यासाने स्वतःच्याच पुरस्कर्त्यांना एक कडू घोट पाजला, तो येथे सांगण्यासारखा आहे. म्हशींच्या चराईमुळे अभयारण्याचे नुकसान होते, असे सालिम अलींसह सर्व तज्ज्ञांचे मत होते. त्यानुसार १९८२ साली चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी प्राणास मुकले. मात्र पुढील वर्षांच्या नोंदींनी वेगळेच चित्र दाखविले. म्हशी नाहीशा होताच पाण्यातील गवत बेसुमार वाढले, मोकळे पाणी आक्रसले, आणि ज्या पक्ष्यांसाठी ही बंदी घातली त्यांनाच जागा उरेना. आपले पूर्वीचे मत चुकीचे ठरले, हे सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या अहवालात स्पष्टपणे लिहिले. गेलेले जीव त्यामुळे परत आले नाहीत, हे खरे. पण चुकीची अशी लेखी कबुली आपल्याकडे, चर्चच्या कारभारातसुद्धा, फारशी वाचावयास मिळत नाही. म्हणून मला तिचे मोल वाटते.

याच अभयारण्यात विभू प्रकाश नावाचे एक तरुण संशोधक शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी झाडे हिंडून गिधाडांची घरटी मोजली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास जोडपी तेथे घरटी करीत असल्याची नोंद त्यांनी केली. एवढ्या सामान्य पक्ष्याची घरटी कशाला मोजायची, असे त्यांना कोणी विचारले असते तर मला आश्चर्य वाटले नसते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास ते पुन्हा तेथे मोजणीला गेले. निम्म्याहून अधिक घरटी नाहीशी झाली होती. झाडांखाली पक्षी मरून पडले होते. काही फांद्यांत अडकून लोंबत होते. जिवंत होते त्यांतील कित्येक मान छातीवर टाकून तासन्‌तास निश्चल बसत, आणि मग एकाएकी खाली कोसळत. दशक संपता संपता तेथे जेमतेम वीसेक जोडपी राहिली आणि नंतर तीही उरली नाहीत.

एका अभयारण्यातील नोंदीवरून देशाचे निदान करता येत नाही. येथे दुसरी एक जुनी नोंद उपयोगी पडली. १९९१ ते १९९३ या काळात सोसायटीच्या अभ्यासकांनी उत्तर, मध्य व पश्चिम भारतातील रस्त्यांवरून हजारो किलोमीटर प्रवास करीत शिकारी पक्षी मोजले होते. २००० साली त्याच रस्त्यांवरून, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी झाली. गिधाडे शेकडा ९२ हून अधिक घटली होती. २००७ मधील मोजणीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट शेकडा ९९.९ भरली. म्हणजे पूर्वी जेथे हजार पक्षी होते तेथे एक उरला. पक्ष्याची एखादी सामान्य जात इतक्या झपाट्याने नाहीशी झाल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत.

युरोपातही एकदा असे घडले होते. १९६०च्या सुमारास ब्रिटनमधील कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली की बहिरी ससाणे फार माजले असून ते आमची कबुतरे मारतात. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाकडे ससाण्यांच्या मोजणीचे काम आले, आणि मोजणीत आढळले ते असे की ससाणे वाढले नसून नाहीसे होत चालले आहेत. त्यांची अंडी घरट्यातच फुटत होती. हौशी लोकांनी गोळा करून ठेवलेली जुन्या काळची अंडी रॅटक्लिफने तपासली आणि १९६७ साली दाखवून दिले की १९४७च्या सुमारापासून, म्हणजे डीडीटी वापरात आल्यापासून, अंड्यांची कवचे पातळ होत गेली होती. अंडी जमविणाऱ्यांना डीडीटीचे नावही ठाऊक नव्हते. त्यांची ती पेटाऱ्यांतली अंडी अखेर पुराव्याला आली.

हा पूर्वेतिहास ठाऊक असल्यामुळे भारतातही प्रथम संशय कीटकनाशकांवरच गेला. परंतु मृत गिधाडांत त्यांचे प्रमाण मारक आढळेना. अन्न कमी पडले म्हणावे, तर मेलेल्या जनावरांना तोटा नव्हता. मग एखादा नवा विषाणू असावा, हा तर्क बळावला. कारण मृत्यू पसरत होता तो एखाद्या साथीसारखा. शवविच्छेदनात मात्र एक खूण पुनःपुन्हा दिसे : यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. तो थर युरिक आम्लाचा असतो. पक्ष्यांच्या विष्ठेत जो पांढरा भाग असतो तो हाच. मूत्रपिंडे निकामी झाली की ते आम्ल शरीराबाहेर पडत नाही आणि अवयवांवर साचू लागते. तेव्हा प्रश्न असा उरला की गिधाडांची मूत्रपिंडे कशाने निकामी होतात?

उत्तर सापडले ते सीमेपलीकडे, पाकिस्तानच्या पंजाबात. तेथे २००० सालापासून पेरेग्रीन फंड या अमेरिकी संस्थेचे पथक तेथील सहकाऱ्यांसह काम करीत होते, आणि त्यात लिंडसे ओक्स हे पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांनी तपासलेल्या २५९ मृत गिधाडांपैकी शेकडा ८५ पक्ष्यांत तो पांढरा थर आढळला. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके असे एकेक संशयित तपासून बाद झाले. तेव्हा ओक्स यांनी प्रश्नच बदलला. पक्ष्याला काय झाले आहे हे पुरेसे पाहून झाले होते. आता पक्षी जे खातो त्यात काय आहे ते पाहावयाचे त्यांनी ठरविले. गिधाडे पाळीव गुरे खातात. त्या गुरांना अलीकडे असे कोणते नवे औषध मिळू लागले आहे, जे तोंडावाटे शरीरात शोषले जाते आणि मूत्रपिंडास घातक ठरू शकते? पथकाने गावोगावचे पशुवैद्य व औषधविक्रेते यांची पाहणी केली. सर्वांच्या फळीवर एक औषध होते : डायक्लोफिनॅक.

वाचकहो, हे नाव आपणांस अपरिचित नाही. कंबर धरली, गुडघा दुखला, दाढ काढली की डॉक्टर जी वेदनाशामक गोळी देतात, तिच्यात बहुधा हेच द्रव्य असते. माणसासाठी ते सत्तरीच्या दशकापासून वापरात आहे. नव्वदीच्या दशकात त्याच्या मक्तेदारीची मुदत संपली, ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास विकले जाऊ लागले. ताप असो, लंगडेपणा असो, कास सुजलेली असो, एक सुई टोचली की जनावर तासाभरात चारा खाऊ लागे.

ओक्स यांच्या पथकाने जपून ठेवलेले नमुने तपासले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या शरीरात, पंचवीसच्या पंचवीसांत, डायक्लोफिनॅक मिळाले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत ते एकातही नव्हते. मग जायबंदी झालेल्या व पुन्हा मोकळे सोडता न येणाऱ्या काही पक्ष्यांना हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घालण्यात आले. ते पक्षी थोड्याच दिवसांत मेले, आणि त्यांच्या अवयवांवर तोच पांढरा थर होता. मे २००३ मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेत हा निष्कर्ष जाहीर झाला आणि २००४च्या प्रारंभी 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. जिवंत पक्ष्यांवरील प्रयोगाचे मला आजही सुख वाटत नाही. पण त्यावाचून औषध उत्पादकांनी व सरकारांनी हा पुरावा मानला असता, असे वाटत नाही. भारत आणि नेपाळमधील मृत गिधाडांतही त्याच वर्षी हेच आढळले.

तरीही एक शंका राहत होती. देशात पन्नास कोटींच्या घरात पशुधन. त्यातील थोड्याच जनावरांना मरणापूर्वी हे औषध मिळत असणार. एवढ्याने लक्षावधी गिधाडे कशी मरतील? याचे उत्तर केंब्रिजच्या रीस ग्रीन यांनी गणिताने दिले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. असा पक्षी टिकतो तो दीर्घायुष्याच्या आधारावर. शिवाय एका जनावरावर एकाच वेळी पन्नास-शंभर गिधाडे जेवतात, आणि वर्षभरात असे जेवण शंभराच्यावर वेळा होते. या सगळ्याचा हिशेब करता, शंभर प्रेतांपैकी एकाहूनही कमी प्रेतांत मारक प्रमाणात औषध असले तरी झालेला सारा ऱ्हास घडून येऊ शकतो, असे निघाले. पुढे २००४-०५ मध्ये भारतात ठिकठिकाणच्या १,८४८ मृत जनावरांच्या यकृताचे नमुने तपासण्यात आले, तेव्हा दर शंभरांपैकी सुमारे दहांत डायक्लोफिनॅकचा अंश होता.

मला या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटते. हे विष कोणी द्वेषाने पसरविलेले नव्हते. शिकाऱ्याने नव्हे, लोभी व्यापाऱ्यानेही नव्हे. आपला म्हातारा बैल वेदनेने कण्हतो आहे, तो कसायाला विकावयाचा नाही, निदान शेवटचे दोन दिवस तरी त्याला सुखाने जाऊ द्यावेत, या भावनेने शेतकऱ्याने पदरचे पैसे खर्चून ती सुई टोचून घेतली. औषध जनावराच्या शरीरातून काही दिवसांत निघून जाते. म्हणजे जे जनावर वाचले त्याच्यापासून गिधाडाला धोका नव्हता. जे उपचारानंतर एक-दोन दिवसांत मेले तेच मारक ठरले, आणि मरणोन्मुख जनावरालाच हे औषध हमखास दिले जात होते.

मग चूक कोणाची? औषधाला परवानगी देण्यापूर्वी त्याची परीक्षा झालीच होती. गाईला ते सोसते का, हे पाहिले होते. माणसाला ते सोसते का, हेही पाहिले होते. गाय मेल्यावर तिला कोण खातो, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर नव्हता. जोखमीचे मूल्यमापन म्हणून जे काही केले जात असे, त्याची हद्द गोठ्याच्या दाराशी संपत होती. परिसरविज्ञान ज्याला म्हणतात, त्या शास्त्राचे काम त्या दारापलीकडे सुरू होते. आणि ते शास्त्र औषधाच्या परवान्याच्या कचेरीत कोणी बोलावलेले नव्हते.

पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने मार्च २००५ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि मे २००६ मध्ये तसा आदेश निघाला. नेपाळ व पाकिस्तान यांनी त्याच वर्षी आणि बांगलादेशाने २०१० मध्ये तसेच केले. शेतकऱ्याच्या हातातील औषध काढून घ्यावयाचे तर दुसरे द्यायला हवे. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाच्या गेरी स्वान यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसमवेत त्याचा शोध घेतला. आफ्रिकेतील विपुल जातीच्या गिधाडांना मात्रा हळूहळू वाढवीत मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक देऊन पाहिले. एकही पक्षी दगावला नाही. मग हरियाणातील पिंजोर येथे, जेथे सोसायटी व राज्याचे वनखाते यांनी २००१ मध्ये गिधाडांचे शुश्रूषा केंद्र उघडले होते, तेथील भारतीय पक्ष्यांवर तीच परीक्षा झाली. हे निष्कर्ष २००६ मध्येच प्रसिद्ध झाले. येथे प्रश्न आधी विचारला गेला आणि औषधाची शिफारस नंतर झाली.

बंदीचा आदेश आणि बंदी यांत अंतर असते. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक बाजारात होतेच. त्याच्या ३० मिलिलीटरच्या मोठ्या कुप्या मिळत, माणसाच्या एका सुईला ३ मिलिलीटर पुरत असताही. त्या कोणासाठी होत्या हे विकणारा व घेणारा दोघेही जाणून होते. एका धर्मग्रामात असताना आमच्या एका शेतकरी कुटुंबाची गाय आजारी पडली, म्हणून मी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने सहज तीच कुपी काढून दिली. मी हरकत घेताच तो म्हणाला, "फादर, सगळे हेच नेतात." माझ्याबरोबरच्या भावाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फादर, गिधाडांचे खरे आहे, पण माझी गाय उभी राहायला हवी ना?" त्याचा प्रश्न रास्त होता. मेलॉक्झिकॅम त्या दुकानातही होते, फळीवर मागच्या बाजूला. गाय बरी झाली. माझे बोलणे त्याला पटले होते, की फादरांचा मान राखायचा म्हणून त्याने ते घेतले, हे मी त्याला कधी विचारले नाही. २०१५ साली सरकारने मोठ्या कुप्यांवर बंदी घातली.

गिधाडे गेली त्याची किंमत माणसाने किती मोजली, हा हिशेब बराच उशिरा सुरू झाला. प्रेतांवर पोसलेली भटकी कुत्री वाढली, कुत्रे चावण्याचे प्रकार वाढले, त्याबरोबर पिसाळरोगाचे भय. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी बांधवांना मृतांच्या अंतिम संस्कारासाठी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. शतकानुशतके चालत आलेली त्यांची धर्मरीत एका गोळीमुळे अडखळली. २०२४ साली एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका मान्यवर अर्थशास्त्रीय नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना पोषक परिस्थिती होती आणि ज्यांत ती नव्हती, अशा जिल्ह्यांतील मृत्यूदर त्यांनी औषध येण्यापूर्वी व नंतर तपासले. गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्यूदर शेकडा चारांहून अधिक वाढला होता. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. तो अंदाज आहे, मोजणी नव्हे, हे ध्यानात ठेवावे; परंतु कुत्रे चावल्यावर द्यावयाच्या लसीचा वाढलेला खप आणि नद्यांच्या पाण्यातील वाढलेली घाण हे त्यांचे पूरक पुरावे त्याच दिशेला बोट दाखवितात. ज्या पक्ष्याला आमच्या घरच्या म्हाताऱ्या हाकलीत, तो गावाचे आरोग्य राखीत होता.

डायक्लोफिनॅकपासून आपण किती शिकलो? त्याच कुळातील आणखी काही औषधे गुरांसाठी विकली जात राहिली. किटोप्रोफेन गिधाडांना मारक असल्याचे २००९-१० मध्ये सिद्ध झाले. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, हेही पुढे दिसून आले. म्हणजे एका दाराने घालविलेले विष दुसऱ्या नावाने आत आले. बांगलादेशाने किटोप्रोफेनवर २०२१ मध्ये बंदी घातली. भारतात या दोन्ही औषधांवर बंदी आली ती २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस. पहिल्या बंदीपासून दुसरीपर्यंत सतरा वर्षे गेली. केंद्र सरकारच्या २०२० ते २०२५ या काळाच्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यात असे लिहिले आहे की जे औषध गिधाडांना घातक ठरेल ते गुरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावे, अशी व्यवस्था असावी. 'आपोआप' या शब्दावर माझी बोटे थांबतात. प्रत्येक वेळी आधी औषध, मग मेलेले पक्षी, मग संशोधन, मग अर्ज-विनंत्या, आणि मग आदेश, असाच क्रम आजवर राहिला आहे.

मोजणी अजून चालू आहे. विभू प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तेच जुने रस्ते पुन्हा पालथे घातले, तेव्हा घसरण मंदावल्याचे दिसले. वाढ मात्र म्हणण्याजोगी नव्हती. साऱ्या भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ६,०००, लांब चोचीची सुमारे १२,००० आणि निमुळत्या चोचीची सुमारे १,००० गिधाडे उरली असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. पिंजोर येथे बंदिवासात अंडी उबवून पिले वाढविण्यात आली. तेथील काही पक्षी २०२४ साली आपल्या विदर्भात पेंच व ताडोबाच्या जंगलांत आणून सोडण्यात आले. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या परिसरात काही गिधाडे टिकून राहिली आहेत, आणि तेथील गावकरी व पक्षिमित्र त्यांची घरटी राखतात.

मागल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. आमच्या माळावर आता घरे झाली आहेत. जुन्यांपैकी एकानेच मला विचारले, "फादर, तुम्ही मागे एकदा गिधाडांचे विचारले होते. शेवटचे कधी आले, ते काही कळले का?" आमच्या गावापुरते ते मला आजही सांगता आले नाही.